६० सेकंदांत फोटो देणाऱ्या एडविन लँडचा घरगुती पिक्चरचा कॅमेरा मात्र आपटला, आणि कंपनी हातातून गेली

मोबाईल काढायचा, शूट करायचं, लगेच बघायचं. नाही आवडलं तर डिलीट मारायचं आणि परत शूट करायचं. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही.

पण १९७७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एक ६७ वर्षांचा माणूस शेअरहोल्डरांनी भरलेल्या हॉलमध्ये उभा राहिला आणि त्याने जवळपास हेच करून दाखवलं. स्टेजवरच्या कलाकाराला छोट्या कॅमेऱ्याने शूट केलं, कॅमेऱ्यातली कॅसेट काढून टीव्हीसारख्या दिसणाऱ्या एका डब्यात घातली आणि दीडेक मिनिटात तोच कलाकार डब्याच्या स्क्रीनवर हलायला लागला. रोल धुवायला टाकणं नाही, प्रोजेक्टर लावणं नाही, खोलीत अंधार करणं नाही.

हा माणूस म्हणजे एडविन लँड. पोलरॉइड कंपनीचा संस्थापक आणि ५३५ अमेरिकन पेटंटचा धनी. टीव्हीवर जाहिरात करून कॅमेरा कसा विकायचा, हे त्याच्या कंपनीइतकं फार कमी जणांना कळलं होतं.

आणि तरीही हे मशिन त्याला विकता आलं नाही. दोनच वर्षांत पोलरॉइडला ६ कोटी ८५ लाख डॉलर बुडीत खात्यात टाकावे लागले आणि लँडला स्वतःच्याच कंपनीतली मुख्य खुर्ची सोडावी लागली.

आता हे असं कसं झालं, ते बघायचं तर थोडं मागे जावं लागेल.

एडविन लँडचा जन्म ७ मे १९०९ चा, कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावचा. वडील भंगार धातूचे व्यापारी. पोराला खेळापेक्षा प्रकाशाचं वेड. भौतिकशास्त्रातलं प्रकाशावरचं एक जाडजूड पुस्तक त्याने पोथीसारखं पाठ केलं होतं. १९२६ मध्ये हार्वर्डला प्रवेश मिळाला, पण काही महिन्यांतच साहेब कॉलेज सोडून न्यूयॉर्कला गेले.

न्यूयॉर्कमध्ये दिवसा पब्लिक लायब्ररीत वाचायचं आणि रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या लॅबमध्ये गुपचूप घुसून प्रयोग करायचे, असा त्याचा कार्यक्रम होता. घुसायचं ते पण खिडकीतून. वय वर्षं १७-१८.

तो शोधत काय होता? तर प्रकाशाची चाळणी. म्हणजे असं समजा, की एक दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवली आहे. दोरी वर-खाली हलवली तर लाट गजांमधून पुढे जाते, आडवी हलवली तर गजांवर आपटून थांबते. प्रकाशाच्या लाटांचंही तसंच आहे. रस्त्यावरून किंवा पाण्यावरून डोळ्यात येणारी चमक बरीचशी आडव्या लाटांची असते. तेवढ्याच अडवल्या की डोळे दिपत नाहीत. असं करणारे स्फटिक तेव्हाही माहीत होते, पण मोठ्या आकाराचे स्फटिक मिळणं महाग आणि कटकटीचं. लँडने डोकं चालवलं. एक मोठा स्फटिक कशाला, लाखो बारीक स्फटिक एकाच दिशेला लावून पातळ फिल्ममध्ये बसवले तर? १९२९ मध्ये त्याने याचं पेटंट दाखल केलं.

नंतर तो हार्वर्डला परत गेला. विद्यापीठाने त्याला स्वतंत्र लॅबसुद्धा दिली. पण डिग्री काही त्याने पूर्ण केली नाही. पुढे सगळं जग त्याला डॉक्टर लँड म्हणायचं, ते मानद पदव्यांच्या जोरावर.

१९३७ मध्ये पोलरॉइड कंपनी उभी राहिली. लँडचा मुख्य डाव वेगळाच होता. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटने डोळे दिपतात आणि अपघात होतात, तर सगळ्या गाड्यांना ही फिल्म बसवायची. गाडी कंपन्यांनी वर्षानुवर्षं लटकवून ठेवलं आणि शेवटी नाहीच म्हटलं. आपल्याकडे घाटातून रात्री गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. कंपनीचं पोट भरलं ते गॉगलवर, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर लष्कराच्या ऑर्डरींवर.

मग डिसेंबर १९४३ आला. लँड कुटुंबासोबत न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथं सुट्टीवर होता. त्याने तीन वर्षांच्या लेकीचा, जेनिफरचा, फोटो काढला. पोरीने साधा प्रश्न विचारला, की फोटो आत्ता का दिसत नाही. आपण असतो तर वेडी आहेस का म्हणून विषय संपवला असता. लँड मात्र गावात फिरायला बाहेर पडला आणि काही तासांत त्याच्या डोक्यात पूर्ण आराखडा तयार झाला होता. निगेटिव्ह आणि कागद एकमेकांना चिकटवून कॅमेऱ्यातूनच बाहेर काढायचे, बाहेर येताना रोलरखाली रसायनाची पिशवी फुटून दोघांच्या मध्ये पसरली पाहिजे. म्हणजे डार्करूम कॅमेऱ्यातच.

आराखडा काही तासांत झाला, पण प्रत्यक्षात यायला तीन वर्षांहून जास्त गेली. २१ फेब्रुवारी १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत त्याने स्वतःचाच फोटो काढला, एक मिनिट थांबला आणि कागद सोलून दाखवला. तो सोललेला चेहरा वर्तमानपत्रांत झळकला. २६ नोव्हेंबर १९४८ ला बॉस्टनच्या जॉर्डन मार्श या मोठ्या दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला. किंमत ९० डॉलरच्या आसपास, वजन जवळपास दोन किलो, फोटो चॉकलेटी रंगाचे. दुकानात डेमो सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी सगळा माल संपला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. माल विकला तो डेमोमुळे. कॅमेरा काय करतो, हे पाटी लावून सांगता येत नव्हतं. पण समोर करून दाखवलं की माणूस खिशात हात घालायचा.

आणि नेमका त्याच काळात अमेरिकेच्या घराघरात टीव्ही शिरत होता.

त्या वेळची टीव्हीवरची कॅमेऱ्याची जाहिरात म्हणजे कोडॅक. कोडॅक हा फोटोच्या धंद्यातला हत्ती होता. १९५१ मध्ये त्यांनी ब्राउनी मूव्ही कॅमेरा आणला, ५० डॉलरच्या आत किमतीचा, चावी देऊन चालणारा, साध्या माणसाला घरचा पिक्चर काढता येईल असा. कोडॅक त्या काळच्या लाडक्या कौटुंबिक मालिकेची, ऑझी अँड हॅरिएटची, प्रायोजक होती. पुढे डिस्नेच्या रविवारच्या रंगीत कार्यक्रमाचीही झाली. त्यांच्या जाहिरातीत मशिनपेक्षा घर जास्त असायचं. पोरं धावतायत, ख्रिसमसचं झाड आहे, बाबा कॅमेरा फिरवतायत. साठच्या दशकात कोडॅकची एक जाहिरात फार गाजली. तीत एक लहान मुलगी बघता बघता मोठी होते आणि स्वतः आई होते. दोन मिनिटांत बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी. थोडक्यात काय, तर दिवस निघून जातायत, शूट करून ठेवा, नाहीतर पस्तावाल, हा कोडॅकचा सूर.

पण त्या जाहिरातीत एक गोष्ट कधी ठसठशीत दिसायची नाही. शूट केल्यानंतर काय? रोल पोस्टाने किंवा दुकानातून लॅबला जायचा, काही दिवसांनी धुऊन परत यायचा, मग प्रोजेक्टर काढा, पडदा लावा, दिवे घालवा. तीन-चार मिनिटांच्या पिक्चरसाठी हा सगळा उद्योग.

पोलरॉइडची जाहिरात याच्या अगदी उलटी होती. १९५४ मध्ये त्यांनी जाहिरातीचं काम डॉइल डेन बर्नबाख या न्यूयॉर्कच्या एजन्सीकडे दिलं. पुढे फोक्सवॅगन बीटलच्या जाहिराती करून इतिहास घडवणारी हीच ती मंडळी. पोलरॉइडने पैसा लावला तो लाइव्ह कार्यक्रमांवर. स्टीव्ह ॲलनसारखा रात्रीच्या शोचा होस्ट चालू कार्यक्रमात पोलरॉइड कॅमेरा हातात घ्यायचा, समोरच्याचा फोटो काढायचा, मग एक मिनिट गप्पा, विनोद, टाइमपास. आणि मिनिट झालं की कागद सोलायचा. लाखो लोक श्वास रोखून बघतायत. फोटो आला तर आला, नाही आला तर देशभर फजिती.

माझ्या मते टीव्हीच्या इतिहासात वस्तू आणि माध्यम यांची इतकी चपखल जोडी क्वचितच जमली असेल. साठ सेकंदांचा फोटो आणि साधारण तेवढीच जाहिरात. वर संपादनाची सोय नाही, म्हणजे लबाडीलाही जागा नाही. प्रेक्षकाला शब्दावर विश्वास ठेवायची गरजच नव्हती, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. (कित्येक वर्षं फोटो सोलल्यावर त्यावर उग्र वासाचं रसायन बोळ्याने पुसावं लागायचं, नाहीतर फोटो फिका पडायचा, ही गोष्ट वेगळी. टीव्हीवर वास येत नाही.)

यानंतर पोलरॉइड सुसाट सुटली. १९६३ मध्ये रंगीत फोटो आले. १९६५ मध्ये २० डॉलरला पाच सेंट कमी किमतीचा स्विंगर आला, त्याच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या जाहिरातीत दिसलेली ॲली मॅकग्रॉ पुढे लव्ह स्टोरी सिनेमाने जगप्रसिद्ध झाली. १९७२ मध्ये एसएक्स-७० आला. बटण दाबलं की फोटो आपोआप बाहेर, सोलायचं नाही, पुसायचं नाही, हातात धरून बघत राहायचं, चित्र हळूहळू उमटत जातं. याच्या टीव्ही जाहिरातीला लँडच्या कंपनीने कोणाला आणलं? ब्रिटनचा दिग्गज नट लॉरेन्स ऑलिव्हिए.

या सगळ्या काळात लँड आणखी एक आयुष्य जगत होता. अध्यक्ष आयझेनहॉवर यांना वैज्ञानिक सल्ला देणाऱ्या मंडळींत तो होता, आणि सोव्हिएत युनियनवरून उडून फोटो काढणाऱ्या यू-२ विमानाची कल्पना पुढे रेटणाऱ्यांत त्याचा मोठा वाटा होता. घरगुती वाढदिवसाचे फोटो आणि हेरगिरीचे फोटो, दोन्हींत एकच डोकं.

त्याच्या नावाला डाग लागला तो १९७० मध्ये. दक्षिण आफ्रिकेतलं वर्णद्वेषी सरकार काळ्या लोकांना सक्तीने बाळगायला लावत असलेल्या पासबुकांच्या फोटोंसाठी पोलरॉइडची यंत्रणा वापरत होतं. हे उघड केलं ते पोलरॉइडच्याच कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी. त्यांनी आंदोलन उभं केलं. कंपनीने सरकारला माल देणार नाही असं जाहीर केलं, पण व्यवसाय चालूच ठेवला. १९७७ मध्ये वितरक चोरून सरकारला माल देतोय हे बाहेर आलं, तेव्हा कुठे पोलरॉइड तिथून पूर्ण बाहेर पडली. कॅरोलाइन हंटरची नोकरी तर १९७१ मध्येच गेली होती. लँड हा कामगारांशी चांगलं वागणारा, स्त्रियांना संशोधनात वरच्या जागा देणारा मालक म्हणून ओळखला जायचा. म्हणूनच हे प्रकरण जास्त बोचतं.

आता येऊ पोलाव्हिजनकडे. म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या मशिनकडे.

लँडला बरीच वर्षं एकच गोष्ट छळत होती. फोटो लगेच दिसतो, तर पिक्चर का नाही? कोडॅकने १९६५ मध्ये सुपर ८ आणून कॅमेऱ्यात रोल भरणं सोपं केलं होतं, पण लॅबची वाट बघणं तसंच होतं. लँडने ती वाट बघणंच संपवायचं ठरवलं.

तंत्रज्ञान म्हणून हा प्रकार खरंच अफलातून होता. फिल्मवर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा आखलेल्या. शूटिंग झालं की सीलबंद कॅसेट तशीच प्लेअरमध्ये टाकायची. आत फिल्म उलटी गुंडाळली जाताना तिच्यावर रसायनाचा पातळ थर चढायचा, आणि साधारण ९० सेकंदांत पिक्चर सुरू. त्याच कॅसेटमध्ये शूटिंग, धुलाई आणि प्रदर्शन. मशिन बनवून द्यायचं काम ऑस्ट्रियाच्या आयमिग कंपनीला दिलं होतं.

पण जरा ग्राहकाच्या जागी बसून बघा. पिक्चर किती वेळाचा? साधारण अडीच मिनिटांचा. आवाज? नाही. कॅसेट सीलबंद, म्हणजे कापाकापी करता येत नाही. पुसून पुन्हा वापरता येत नाही. फिल्मला प्रकाश इतका लागायचा, की घरात शूट करायचं तर डोळे दिपवणारे दिवे लावा. डोळे दिपू नयेत म्हणून ज्याने आयुष्य सुरू केलं, त्याच्याच कॅमेऱ्यासमोर पोरं डोळे मिचकावत उभी! भिंतीवर मोठा पिक्चर दाखवायची सोय नाही, १२ इंचाच्या डब्यातच बघायचं, तेही जरा अंधूकच, कारण निगेटिव्हचा थर फिल्मवरच राहायचा. आणि या सगळ्याची किंमत पावणेसातशे डॉलरच्या आसपास.

त्याच वेळी दुकानात दुसरी गोष्ट येऊन बसली होती. सोनीचा बीटामॅक्स १९७५ मध्ये आला, व्हीएचएस १९७७ मध्ये अमेरिकेत पोहोचला. हे व्हीसीआर हजार डॉलरच्या घरातले, व्हिडिओ कॅमेऱ्याचे पैसे वेगळे, आणि तो कॅमेरा उचलून फिरणं म्हणजे शिक्षाच. म्हणजे त्या दिवशी दुकानात उभं राहून हिशोब केला असता तर पोलाव्हिजन स्वस्त आणि हलकं होतं. पण टेप तासन्‌तास चालायची, आवाज यायचा, पुसून परत वापरता यायची, धुवायचा प्रश्नच नव्हता. आणि स्क्रीन म्हणून लागायचा तो घरातलाच टीव्ही. लँडने टीव्हीच्या जोरावर साम्राज्य उभं केलं, पण घरचा पिक्चर लोक त्याच टीव्हीवर बघतील हे त्याने हिशोबात धरलं नाही. त्याने टीव्हीच्या शेजारी आणखी एक डबा ठेवायला सांगितला.

लोकांना आधी विचारून बघायला लँडचा विरोध असायचा. जी गोष्ट अस्तित्वातच नाही ती हवी की नको हे लोक कसं सांगणार, असा त्याचा पक्का विचार. एसएक्स-७० च्या वेळी हा विचार त्याच्या बाजूने पडला होता. पोलाव्हिजनच्या वेळी कंपनीतल्याच लोकांना शंका होत्या, पण साहेबांसमोर बोलणार कोण?

गंमत बघा, याच काळात पोलरॉइडच्या टीव्ही जाहिराती इतिहासात सगळ्यात जास्त गाजत होत्या. फक्त वेगळ्या मालाच्या. ४० डॉलरचा वनस्टेप नावाचा साधा फोटो कॅमेरा १९७७ मध्येच आला होता. जेम्स गार्नर आणि मॅरिएट हार्टली हे दोघं त्याच्या जाहिरातीत एकमेकांना टोमणे मारायचे, आणि तेही इतकं सहज, की प्रेक्षकांना ते खरे नवरा-बायकोच वाटायला लागले. शेवटी हार्टलीने आपण मिसेस गार्नर नाही, असं लिहिलेला टी-शर्टच घातला. वनस्टेप धडाधड विकला गेला. (आपल्याकडे तेव्हा दूरदर्शनवर जाहिराती सुरू होऊन जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालं होतं.)

पोलाव्हिजन मात्र गोदामात पडून राहिलं. जुनी युक्ती इथं चालेना. फोटोच्या डेमोत हातात काहीतरी यायचं, एक कागद, जो पाहुण्याला देता यायचा, पाकिटात ठेवता यायचा. पोलाव्हिजनच्या डेमोत शेवटी काय दिसायचं? छोट्या स्क्रीनवर मुकी, धूसर, हलणारी चित्रं. आणि ते बघणारा माणूस रोज संध्याकाळी घरी रंगीत टीव्हीवर आवाजासकट कार्यक्रम बघत होता.

१९७९ मध्ये पडून राहिलेल्या मालाची किंमत कमी करून ताळेबंदात तोटा दाखवावा लागला. आकडा वर सांगितलाच आहे. १९८० मध्ये लँडने मुख्य कार्यकारी पद सोडलं, १९८२ मध्ये कंपनीशी संबंध संपवला. आयमिगने पोलाव्हिजनच्या ऑर्डरींवर मोठी भिस्त ठेवली होती, ती कंपनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिवाळखोरीत गेली. त्या रेषावाल्या फिल्मचं तंत्र मात्र पूर्ण वाया गेलं नाही. १९८३ मध्ये त्यावरूनच पोलरॉइडने साध्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यात चालणारी झटपट स्लाइडची फिल्म काढली.

लँडने मग केंब्रिजमध्ये स्वतःची रोलंड संशोधन संस्था चालवली आणि माणसाच्या डोळ्याला रंग नेमके कसे दिसतात यावर काम करत राहिला. हा त्याचा जुनाच ध्यास होता. ॲपलचा स्टीव्ह जॉब्ज त्याला आदर्श मानायचा आणि मुद्दाम भेटायलाही गेला होता.

एक हिशोब शिल्लक होता, कोडॅकचा. १९७६ मध्ये कोडॅकने स्वतःचा झटपट फोटोचा कॅमेरा आणला होता, आणि आठवड्याभरात पोलरॉइड पेटंटचोरीची तक्रार घेऊन कोर्टात गेली होती. याच कोडॅकने आधी कित्येक वर्षं पोलरॉइडसाठी निगेटिव्ह बनवून दिली होती, त्यामुळे लँडला हे फार लागलं होतं. खटल्यात तो स्वतः साक्षीला उभा राहिला. १९८५ मध्ये निकाल पोलरॉइडच्या बाजूने लागला, १९८६ च्या जानेवारीत कोडॅकला झटपट फोटोचा धंदा बंद करावा लागला. भरपाई किती यावर पुढे पाच वर्षं घासाघीस चालली.

१ मार्च १९९१ ला, ८१ व्या वर्षी लँडचं केंब्रिजमध्ये निधन झालं. त्याचे खासगी कागद त्याच्या सहायकाने नंतर नष्ट केले, त्यामुळे पोलाव्हिजनबद्दल शेवटी त्याच्या मनात काय होतं हे त्याच्या हस्ताक्षरात सापडत नाही. जुलै १९९१ मध्ये कोडॅकने ९२ कोटी ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे पोलाव्हिजनमध्ये बुडाले होते त्याच्या तेरापट. पैसे पोलरॉइडच्या खात्यात जमा झाले तेव्हा लँडला जाऊन चार महिने झाले होते.